घड्याळाची तार कुठे गेली?

काही महिन्यांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. संगणकाच्या निकामी झालेल्या वस्तू मुलांसमोर उघडून दाखवायच्या, असा साधा कार्यक्रम होता. दोन केबली कापून त्यांच्या आतल्या तारा मोकळ्या केल्या. पहिली केबल १९९०च्या दशकातल्या कीबोर्डची होती, गोल टोकाची. दुसरी अलीकडच्या माऊसची, चपट्या टोकाची, म्हणजेच यूएसबीची. मुलांनी तारा मोजल्या. दोन्ही केबलींत चार-चार तारा निघाल्या.

मी फळ्यावर दोन याद्या लिहिल्या. जुन्या केबलीत एक तार ५ व्होल्ट वीज पुरवण्यासाठी, एक त्या विजेच्या परतीची, एक माहितीची आणि एक घड्याळाची. नव्या केबलीत वीज पुरवठ्याची एक, परतीची एक आणि माहितीच्या दोन. नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, त्यात घड्याळाची तार होती. यात ती कुठे गेली?"

मी घाईने उत्तर दिले, "आता दोन्ही टोकांना आपापले घड्याळ असते." ती बसली नाही. "पण सर, आमच्या घरातली दोन घड्याळं कधी सारखी चालत नाहीत. मग यांची कशी चालतात?"

घंटा झाली आणि वर्ग सुटला. परतीच्या प्रवासात लक्षात आले, की माझे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे होते. आणि मुलीचा प्रश्न गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या संदेशवहनाच्या इतिहासाचा गाभाच होता. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

घड्याळ कशासाठी?

प्रथम घड्याळ लागते कशाला, ते पाहू. संगणक सर्व माहिती ० आणि १ या दोनच अंकांत साठवतो. अशा एका अंकाला बिट म्हणतात. समजा, तारेवर दाब असला की १ आणि नसला की ० असे आपण ठरवले. आता तारेवर काही काळ दाब राहिला. हा एक १ आहे, तीन आहेत की दहा? एका बिटला किती वेळ द्यायचा, हे घेणाऱ्याला ठाऊक असल्याशिवाय ते सांगता येणार नाही. म्हणजे संदेश वाचायचा तर नुसता दाब मोजून भागत नाही. वेळही मोजावी लागते.

जुन्या कीबोर्डने सरळ उपाय केला होता. घड्याळाच्या तारेवर ठोका पडला की माहितीच्या तारेकडे बघायचे आणि बिट लिहून घ्यायचा. पद्धत सोपी, पण त्यासाठी एक अख्खी तार खर्ची पडते. शिवाय वेग वाढला की ठोका आणि माहिती नेमकी एकाच क्षणी पोचत नाहीत. अर्थात हा प्रश्न संगणकाच्या फार आधीपासूनचा आहे.

तारमास्तरांचा कान

अमेरिकेत सॅम्युअल मोर्सने १८४४ साली वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांदरम्यान तारायंत्राचा संदेश पाठवला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १८३९ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्याजवळ तारेवरून संकेत पाठवण्याचे प्रयोग केले होते. १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये तार टाकण्याचे काम सुरू झाले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही ठिकाणे तारेने जोडली गेली. ही तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तारायंत्रात घड्याळ कुठे होते? ते तारमास्तरांच्या कानात होते. मोर्सच्या लिपीत डॅश हा डॉटच्या तिप्पट लांबीचा. पलीकडचा माणूस सावकाश ठोकत असो की भराभर, ऐकणारा चार-दोन अक्षरांत त्याची लय पकडतो आणि मग आखूड कोणते व लांब कोणते हे त्या लयीवरून ठरवतो. भजनात टाळ धरणारा असेच करतो. त्याला मृदंगवादकाचे घड्याळ कोणी आणून देत नाही. तो ऐकता ऐकता स्वतःची लय जुळवून घेतो. आलेल्या संकेतातूनच वेळ काढून घेण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

यंत्राला असा कान नसतो. फ्रान्समधल्या एमिल बोदो याने १८७४ साली यंत्राने वाचता येईल अशी लिपी काढली. तिच्यात प्रत्येक अक्षराला पाच संकेत होते आणि सर्व संकेत सारख्याच लांबीचे होते. दोन्ही टोकांना फिरते ब्रश असत आणि त्यांनी एकाच वेगाने फिरायला हवे असे. ते मागेपुढे होत, म्हणून अधूनमधून दुरुस्तीचा संकेत पाठवून त्यांना जुळवून घ्यावे लागे. त्या मुलीच्या घरातल्या दोन घड्याळांची अडचण बोदोलाही आली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिप्रिंटर घडवणाऱ्यांनी दुसरा तोडगा काढला. प्रत्येक अक्षराच्या आधी एक 'सुरू' संकेत द्यायचा आणि शेवटी एक 'थांब' संकेत. 'सुरू' आला की घेणाऱ्याने आपले घड्याळ शून्यावर आणायचे आणि तेवढे एक अक्षर होईपर्यंत त्याच्यावर विसंबायचे. पुढच्या अक्षराला पुन्हा शून्यापासून. आठ बिटांचे अक्षर धरले तर 'सुरू' आणि 'थांब' मिळून दहा बिट होतात. दहाव्या बिटाच्या मध्यावर बघेपर्यंत चूक अर्ध्या बिटाहून कमी राहिली म्हणजे झाले. म्हणजे दोन घड्याळांत पाच टक्क्यांच्या आत फरक असला तरी काम चालते. घड्याळे तंतोतंत जुळावी लागत नाहीत. चूक साठून मोठी होण्याआधी ती पुसली गेली पाहिजे, एवढेच. १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या मानकाच्या जोडण्या संगणकांनी वापरल्या, तेव्हाही हीच 'सुरू-थांब' पद्धत सर्रास चालली. फक्त तिची किंमत मोजावी लागते. आठ बिट कामाचे आणि दोन हिशेबाचे, म्हणजे दहातले दोन वाया.

दोन तारा, एक संदेश

आता मुलीच्या प्रश्नातला दुसरा भाग. घड्याळाची तार काढली, मग माहितीच्या दोन तारा कशाला?

तारायंत्राला सुरुवातीला जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक, अशा दोन तारा लागत. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइलने दाखवले, की परतीचे काम जमिनीकडून करून घेता येते. एक तार वाचली आणि खर्च उतरला. परंतु जमीन सगळ्यांचीच. टेलिफोन आला, शहरांत विजेवरच्या ट्रामगाड्या आल्या आणि जमिनीतून वाहणाऱ्या इतरांच्या प्रवाहांची खरखर टेलिफोनमध्ये ऐकू येऊ लागली. यावरचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीच १८८१ साली पेटंट करून ठेवला होता. प्रत्येक टेलिफोनला दोन तारा द्यायच्या आणि त्या एकमेकींभोवती पिळायच्या.

त्याने काय साधते? खडबडीत रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीत एक उंच आणि एक बुटका असे दोघे उभे आहेत, अशी कल्पना करा. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांची डोकी सारखी वरखाली होताना दिसतील. एकाच्याच डोक्याकडे बघून त्याची उंची सांगता येणार नाही. पण दोघांच्या डोक्यांमधले अंतर मात्र गाडी कितीही हादरली तरी तेवढेच राहते. पिळलेल्या दोन तारांवर बाहेरचा गोंगाट जवळपास सारखाच पडतो. घेणाऱ्याने एका तारेचा दाब न मोजता दोन तारांमधला फरक मोजला, की गोंगाट वजा होतो आणि संदेश उरतो.

यूएसबीचा जन्म

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाच्या पाठीमागे जोडण्यांचे जंगल माजले होते. कीबोर्डला एक टोक, छपाईयंत्राला दुसरे, मोडेमला तिसरे. हे सर्व एकाच प्रकारच्या तोंडाने जोडता यावे म्हणून इंटेल, कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या. जानेवारी १९९६मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या कामात इंटेलमधले अजय भट्ट अग्रभागी होते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. २०१३ साली त्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला.

मानक म्हणजे कागदावरचे नियम. ते तारेवर प्रत्यक्ष आणण्याचे काम एक छोटी चिप करते. तिला ट्रान्ससीव्हर म्हणतात, म्हणजे तारेवर संकेत धाडणारी आणि तारेवरून संकेत घेणारी. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्स कंपनीने पीडीआय-यूएसबी-पी-११ या नावाची अशी चिप काढली. तिला चौदाच पाय. आज हे काम बहुतेक वेळा मोठ्या चिपच्या एका कोपऱ्यात सामावलेले असते. पण जुनी सुटी चिप शिकायला सोयीची आहे, कारण तिचा एकेक पाय एकेक काम सांगतो.

तिच्या दोन पायांना केबलीतल्या माहितीच्या दोन तारा जोडतात. त्यांना डी-प्लस आणि डी-मायनस म्हणू. आतल्या बाजूला एक पाय 'आता बोल' किंवा 'आता गप्प राहून ऐक' हे सांगतो. बोलायचे असेल तेव्हा कोणती तार वर न्यायची आणि कोणती खाली, हे आणखी दोन पाय सांगतात. एक पाय वेग ठरवतो. पहिल्या मानकात दोन वेग होते. संथ वेग सेकंदाला १५ लाख बिटांचा आणि पूर्ण वेग १ कोटी २० लाख बिटांचा. पूर्ण वेगात एका बिटाच्या वाट्याला सुमारे ८३ नॅनोसेकंद येतात. (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.)

ऐकण्यासाठी या चिपमध्ये तीन कान आहेत. पहिला दोन तारांमधला फरक बघतो. हा फरक ०.२ व्होल्ट असला तरी त्याला पुरतो. हा बैलगाडीतल्या दोघांची उंची ताडणारा कान. उरलेले दोन कान एकेका तारेकडे स्वतंत्रपणे बघतात. त्यांची गरज का पडते, ते पुढे येईल.

आणखी एक बारकावा शिक्षकांना आवडेल. ही चिप तारेवरचा दाब झटक्यात बदलत नाही; मुद्दाम उतरणीसारखा बदलते. पूर्ण वेगात त्या बदलाला ४ ते २० नॅनोसेकंद लागतात, तर संथ वेगात ७५ ते ३००. दाब एकदम बदलला तर केबल एखाद्या एरियलसारखी वागते आणि आसपासच्या रेडिओला त्रास देते. शेजाऱ्याची झोप न मोडता बोलायचे, हाही संदेशवहनाचाच नियम.

संदेशात मिसळलेली वेळ

डी-प्लस वर आणि डी-मायनस खाली, या स्थितीला पूर्ण वेगात 'जे' असे नाव आहे. याच्या उलट स्थिती म्हणजे 'के'. उपकरण जोडताच त्याच्यातला दीड किलोओहमचा रोध डी-प्लस तार ३.३ व्होल्टकडे ओढून धरतो आणि त्यावरून संगणकाला कोणी तरी आल्याचे समजते. संथ उपकरणात हाच रोध डी-मायनसला असतो. म्हणजे पाहुण्याने तोंड उघडण्याआधीच, त्याने कोणती तार धरली यावरून त्याचा वेग कळतो. कोणीच बोलत नसते तेव्हा पूर्ण वेगाची जोडणी 'जे'मध्ये विसावलेली असते.

'जे' म्हणजे १ आणि 'के' म्हणजे ० असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. यूएसबीत ० पाठवायचा तर स्थिती बदलायची आणि १ पाठवायचा तर आहे तीच ठेवायची. महत्त्व स्थितीला नसून बदलाला आहे.

प्रत्येक पाकिटाची (इथे पाकीट म्हणजे पॅकेट, बिटांचा एक गठ्ठा) सुरुवात ठरलेली असते. सात शून्ये आणि एक १. विसाव्यातल्या 'जे'पासून निघालो तर तारेवर के, जे, के, जे, के, जे, के, के असा क्रम दिसेल. सात शून्यांमुळे सलग सात बदल होतात. ही झाली टाळकऱ्यासाठी धरलेली लय. घेणारा या सात ठोक्यांवर आपले घड्याळ जुळवतो आणि शेवटच्या 'के, के'वरून मजकूर सुरू झाल्याचे ओळखतो. तारमास्तर कानाने जे करत, तेच इथे मंडलाकडून करून घेतले आहे.

मजकूर चालू असतानाही शून्य आले की बदल होतो आणि त्या बदलावर घड्याळ पुन्हा जुळवून घेता येते. पण मजकुरात सलग १ आले तर? मग काहीच बदलणार नाही, तार गप्प राहील आणि दोन घड्याळे एकमेकांपासून सरकू लागतील. म्हणून नियम असा, की सलग सहा वेळा १ गेला की पाठवणाऱ्याने स्वतःहून एक ० घालायचा. हे भरीचे शून्य मजकुराचा भाग नसते. घेणारा सहा वेळा १ मोजतो आणि पुढचे शून्य टाकून देतो. सहानंतर मजकुरातच ० असेल तरीही भरीचे शून्य घालायचेच, नाही तर खरे कोणते आणि भरीचे कोणते हे समजणार नाही.

आता मुलीच्या प्रश्नाचा हिशेब करू. पूर्ण वेगात प्रत्येक बाजूला ०.२५ टक्क्यापर्यंत चूक मानक चालवून घेते. एक घड्याळ तेवढे पुढे आणि दुसरे तेवढे मागे असले तर फरक ०.५ टक्का होईल. ६४ बाइटांच्या पाकिटात ५१२ बिट असतात. सगळे १ असते आणि भरीची शून्ये नसती, तर पाकिटाच्या शेवटापर्यंत घड्याळे ५१२ गुणिले ०.००५, म्हणजे अडीच बिटांहून जास्त सरकली असती. दोन-तीन बिट हरवलेच असते. भरीच्या शून्यांमुळे फार तर सात बिटांनी एक बदल नक्की मिळतो. तेवढ्या वेळात सरकणे ७ गुणिले ०.००५, म्हणजे ०.०३५ बिट. अर्ध्या बिटाच्या मर्यादेपुढे हे काहीच नाही.

घरातली दोन घड्याळे सारखी चालत नाहीत, हे मुलीचे म्हणणे खरेच होते. यूएसबीतलीही सारखी चालत नाहीत. ती सारखी चालावीत असा आग्रहच धरलेला नाही. ती बिघडायच्या आत पुन्हा जुळतील, अशी व्यवस्था मात्र संदेशाच्या आत करून ठेवली आहे. घड्याळाची तार गेली नाही. ती मजकुरात विणली गेली. किंमतही थोडी. अगदी वाईट वेळी सहा बिटांमागे एक बिट.

आता त्या उरलेल्या दोन कानांचे काम. पाकीट संपले हे सांगण्यासाठी पाठवणारा दोन बिटांइतका वेळ दोन्ही तारा खाली ओढतो आणि मग एक बिटभर 'जे'वर येऊन तार सोडतो. दोन्ही तारा खाली असताना त्यांच्यात फरकच उरत नाही, त्यामुळे फरक बघणाऱ्या कानाला काही सांगता येत नाही. एकेका तारेकडे बघणारे कान ही स्थिती ओळखतात. संगणकाने हीच स्थिती दहा मिलिसेकंद धरून ठेवली तर तिचा अर्थ निराळा, 'सगळे विसर आणि नव्याने सुरुवात कर'.

परवाना आणि पोच

पूर्णा–हिंगोली–अकोला हा लोहमार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. मीटरगेजच्या काळात आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर स्टेशनमास्तर गाडीच्या चालकाला वेताच्या कड्यात अडकवलेला गोळा देत असत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. दोन स्टेशनांमधली यंत्रे विजेने अशी बांधलेली असत, की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. ज्याच्या हाती गोळा, त्याचीच गाडी त्या टप्प्यात जाणार.

यूएसबीतही माहितीचा मार्ग एकेरी आहे. दोन्ही बाजू एकदम बोलल्या तर टक्कर होईल. म्हणून बोलण्याचा परवाना संगणकच देतो. तो आधी 'टोकन' नावाचे पाकीट पाठवतो. त्यात सात बिटांचा पत्ता असतो, म्हणून एका जोडणीवर १२७ उपकरणे राहू शकतात. शून्य हा पत्ता नवागतासाठी राखलेला असतो. परवाना मिळालेल्याने माहितीचे पाकीट पाठवायचे आणि घेणाऱ्याने पोच द्यायची. टोकन, माहिती, पोच असा हा तीन पावलांचा व्यवहार.

पाकिटाचा प्रकार चार बिटांत लिहितात आणि त्यापुढे तेच चार बिट उलटे करून पुन्हा लिहितात. धनादेशावर रक्कम आकडी आणि अक्षरी लिहितो, तसेच हे. दोन्ही जुळले नाहीत तर पाकीट रद्द. मजकुराची तपासणी शेवटच्या १६ बिटांवरून होते. आपण गुणाकाराचा पडताळा नवाने भागून उरलेल्या बाकीवरून घेतो. इथेही मजकुराला एका ठरलेल्या संख्येसारख्या वस्तूने भागून उरलेली बाकी मजकुरासोबत पाठवतात. घेणारा स्वतः भागाकार करून ताळा बघतो. या पद्धतीचा पाया पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ साली घातला.

ताळा जमला नाही तर घेणारा काय करतो? काहीच नाही. तो गप्प राहतो. पोच आली नाही म्हणजे काही तरी चुकले, असे समजून पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. पण मजकूर नीट पोचला आणि वाटेत पोचच हरवली, तर? मग तोच मजकूर दोनदा लिहिला जाईल. म्हणून माहितीच्या पाकिटांवर आळीपाळीने ० आणि १ असा शिक्का असतो. लागोपाठ दोनदा तोच शिक्का दिसला की घेणारा दुसरी प्रत टाकून देतो, पण पोच मात्र देतो.

वेग वाढला तेव्हा

एप्रिल २००० मध्ये यूएसबीचे दुसरे मानक आले आणि वेग सेकंदाला ४८ कोटी बिटांवर गेला. आता एका बिटाला जेमतेम २.०८ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात संकेत तारेत सुमारे ४० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे पाच मीटर केबलीत एका वेळी डझनभर बिट वाटेतच असतात. तारेवरचा दाबही ३.३ व्होल्टवरून ०.४ व्होल्टवर आणावा लागला. लय जुळवण्याचा सुरुवातीचा क्रम आठ बिटांवरून ३२ बिटांचा झाला.

सुट्या ट्रान्ससीव्हरचे कामही वाढले. जुन्या चिपमध्ये भरीची शून्ये घालणे आणि काढणे तिच्यामागचे मंडल करत असे. इतक्या वेगाने ते बाहेर करणे अवघड, म्हणून ते नव्या ट्रान्ससीव्हरमध्ये गेले. त्याच्यामागच्या मंडलाला आता सुट्या बिटांऐवजी आठ-आठ बिटांचे गठ्ठे सेकंदाला सहा कोटी वेळा मिळू लागले. शिवाय पाकिटाचा शेवट सांगायला एक गमतीदार युक्ती वापरली. भरीच्या शून्याचा नियम मुद्दाम मोडायचा! सलग सात वेळा १ दिसले की घेणारा समजतो, मजकूर संपला. ज्या चुकीला आधी फक्त चूक मानत होते, तिला आता अर्थ मिळाला.

औंढ्याच्या माळावर

हे सारे हिंगोलीतल्या वर्गात विचारले गेले, याला आणखी एक संदर्भ आहे. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या त्या दोन ठिकाणी ती एकदम पोचली नाही. लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंदांनी नंतर. लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली याचा अंदाज अशा फरकावरूनच बांधतात. दूरच्या भारतात वेधशाळा झाली तर तो अंदाज पुष्कळ नेमका होईल. पण दोन ठिकाणची घड्याळेच मिलिसेकंदाने चुकली तर दिशा चुकणार. म्हणून या वेधशाळा उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेशी आपली घड्याळे सतत जुळवत राहतात. 'दोन घड्याळं सारखी कशी चालतील?' हा नववीतल्या मुलीचा प्रश्न तिच्या गावापासून थोड्याच अंतरावर शास्त्रज्ञांना रोज सोडवावा लागणार आहे.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे करा. एकाने प्रत्येक सेकंदाला १ असेल तर गप्प राहायचे आणि ० असेल तर टाळी द्यायची. दुसऱ्याने घड्याळ न बघता मनात मोजून अंक लिहायचे. आधी वीस वेळा सलग १ असलेला संदेश द्या आणि मोजणी किती चुकते ते पाहा. मग प्रत्येक सहा १ नंतर भरीची टाळी घालून तोच संदेश पुन्हा द्या. फरक मुलांना आपोआप दिसेल.

हुशार विद्यार्थ्यांसाठी एक गणितही आहे. ६४ बाइटांच्या मजकुरात सगळे बिट १ असतील, तर त्या मजकुरात भरीची शून्ये किती पडतील? माझे उत्तर ८५ आले. ते बरोबर आहे का, हे त्यांनीच ताडून पाहावे. आणि माझ्यासारख्याचे घाईचे उत्तर ऐकून खाली बसू नये.